यादीत नसलेलं नाव

पडताळणीची बाई चार वाजता येणार होती. थोरलीने नानांच्या, म्हणजे वडिलांच्या घरी अडीचपासूनच कुणी कुठे बसायचं ते ठरवून टाकलं.

"नाना, तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत. टिटवी तुमच्या शेजारी. अहो, तुम्ही ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत."

"मी काय केलंय?" जावई म्हणाला.

"अजून काही नाही. म्हणूनच."

जावई शाळेत भूगोल शिकवायचा. शाळेत सगळे ऐकत, घरी कुणी ऐकत नसे, म्हणून तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचून हौस भागवायचा. आत न जाता तो दारातच उभा राहिला.

"ऐका तर खरं. काल विधानसभेत सात तास चर्चा झाली. आणखी सहा शहरांत कॅसिनो काढायचे म्हणतात. एक आमदार म्हणतो, कॅसिनोच्या करातला दहावा हिस्सा पोलीस भरतीच्या शिष्यवृत्तीला देऊ. दुसरा म्हणतो, म्हणजे चोराला सांगायचं, बाबा चोरी कर आणि त्यातून आमच्या दाराला कुलूप घेऊन दे. सोमवारी मतदान."

"कुलूप तरी चांगलं येईल," थोरलीचा धाकटा भाऊ म्हणाला.

त्याच्याकडे न बघता थोरली टेबल पुसत राहिली. टेबल तिने आधीही दोनदा पुसलं होतं. ती रक्त तपासणीच्या विभागात नर्स होती आणि घाबरली की तिचे हात काहीतरी पुसायला लागत. कॅसिनो वाढवू नयेत म्हणून ती दोन रविवार बाजारात उभी राहून सह्या गोळा करत होती. ओळखीच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, भावाकडे कागद नेला नाही. भाऊ नदीकाठच्या कॅसिनोत सुपरवायझर होता. आई गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, दोघं फोनवरही कामापुरतंच बोलत होती.

आज बोलवावं लागलं. थोरलीच्या मुलीची, टिटवीची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. दोन वर्षांचं कॉलेज, वसतिगृह, गणवेश, सगळं सरकार करणार आणि नंतर पाच वर्षं पोलिसात नोकरी. चारशे मुलांतून अकरा निवडली होती, त्यांत मुली तीनच. आता फक्त घरची पडताळणी राहिली होती. टिटवी शिकायला नानांकडे राहायची, म्हणून बाई इथंच येणार, बावीस प्रश्न विचारणार आणि घरातला कर्ता माणूस म्हणून नानांची सही घेणार.

"तेराव्या प्रश्नाला तू काय सांगणार?" थोरलीने भावाला विचारलं. "नोकरी कुठे ते?"

"कॅसिनोत."

"हॉटेलात म्हटलंस तर? तुमच्याकडे जेवायची सोय आहेच की."

"ताई, उद्या तू सांगशील मी वाढपी आहे." धाकट्याने बूट पलंगाखाली सरकवले. "माझा पगार बँकेत जमा होतो. परवाना सरकारचा, कर सरकारला. मी का लपवू?"

"तू लपवू नकोस. आम्हीच लपतो."

"झालं सुरू," जावई म्हणाला. "बाई यायच्या आत संपवा म्हणजे मिळवलं."

टिटवी हसली. हे नाव तिला आजीने ठेवलं होतं. लहानपणी ती दिवसभर प्रश्न विचारून घर डोक्यावर घ्यायची. आता एकोणीस वर्षांची होती, आणि गेलं दीड वर्ष तिने घरात फारसं काही विचारलं नव्हतं. थोरलीला वाटायचं, मुलगी मोठी झाली.

भिंतीवर आईचा फोटो होता. तो कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून कापून मोठा केलेला. आई कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची, त्यामुळे दुसरा धड फोटोच मिळाला नाही. तिच्या खांद्यावर कुणा अनोळखी बाईची चार बोटं तशीच राहिली होती. थोरलीने फडक्याने काच पुसली. बोटं काही पुसली जाणार नव्हती.

"एकदा सगळे प्रश्न वाचून घेऊ," ती म्हणाली. "नमुना आहे टिटवीकडे. मी विचारते, नाना उत्तरं देतील. मध्ये कुणी बोलायचं नाही."

---

धाकट्याला तो नमुना पाठ होता. कॅसिनोत नोकरीला लागताना त्याच छापाचा कागद त्यानेही भरला होता. पहिले बारा प्रश्न साधे होते. घरात किती माणसं, जागा कुणाची, कुणावर खटला आहे का. नाना ताठ बसून उत्तरं देत होते. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि सरकारी कागदासमोर ते नेहमी असेच बसत.

तेरावा झाला. थोरलीने चौदावा वाचला. "कुटुंबातील कोणाही व्यक्तीचे नाव मागील पाच वर्षांत कॅसिनोच्या प्रवेशबंदी यादीत होते काय?" आणि स्वतःच म्हणाली, "नाही. पुढचा पंधरा."

"थांब," नाना म्हणाले. "हो म्हणायचं. तुझ्या आईचं होतं."

थोरलीचं फडकं हातातच राहिलं. "आईचं?"

"तिने स्वतःहून अर्ज दिला होता. मला आत घेऊ नका म्हणून. घरच्या माणसाची सही लागते, ती मी केली." नानांचा आवाज कोरडा होता. "तुम्हाला सांगायचं नाही असं तिचं म्हणणं होतं. नाही सांगितलं. पण यादी सरकारकडे असते. बाई तपासूनच येणार. खोटं बोलायचं नाही."

"आई खेळायची?" थोरलीने विचारलं. ती भावाकडे वळली. "आणि तुला माहीत होतं? तू तिथं उभा असायचास आणि ती—"

"दुपारची यायची," धाकटा म्हणाला. "तासभर बसायची मशीनसमोर. सगळ्याच म्हाताऱ्या बायका येतात गं दुपारच्या. एसी असतो, कुणीतरी पाणी आणून देतं, विचारपूस करतं."

"विचारपूस करायला आम्ही मेलो होतो?"

एरवी त्याने लगेच उत्तर दिलं असतं. थोरली महिन्यातून एकदा यायची आणि येताना रक्तदाबाचं यंत्र घेऊन यायची. तो स्वतः त्याच शहरात राहून पंधरा दिवसांनी. नाना निवृत्त झाल्यावरही बोलावणं आलं की जुन्या इमारतींतून लिफ्ट बघत फिरायचे. पण आज हे सगळं बोलण्यात अर्थ नव्हता. त्याची नजर चौदाव्या प्रश्नावर अडकली होती.

"मग ‘हो’च लिहायचं," थोरली हळू आवाजात म्हणाली. "गेलेल्या माणसाचं नाव असलं तर काय होतं हो?"

"चौकशी लांबते," जावई म्हणाला. "आणि जागा अकराच आहेत."

"लांबू दे," नाना म्हणाले. "पण नाव आहे तर आहे."

"नाही," धाकटा म्हणाला.

"काय नाही?"

"नाव नाहीये यादीत." तो नानांकडे वळला. "नाना, तुम्ही अर्ज माझ्याकडे दिला होतात. तूच तिथं असतोस, देऊन टाक म्हणालात. मी तो दिला नाही."

बाहेर पाण्याची मोटर चालू होती.

"ज्याच्या घरचं माणूस बंदीच्या यादीत, त्याला हॉलमध्ये ठेवत नाहीत. नियमच आहे तो. पार्किंगला पाठवतात. माझं सुपरवायझरचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. म्हटलं, पत्र हातात पडू दे, मग देऊ. पत्र आलं. मग वाटलं, आता दिला तर आधी का नाही दिला विचारतील. आईला मी म्हटलं होतं, दिला म्हणून."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. ते रागावतील, ओरडतील, म्हणून धाकट्याने अंग आकसून घेतलं होतं. लहानपणी त्याने लिफ्टच्या पेटीतली किल्ली चोरली होती तेव्हा नानांनी त्याला सगळ्या गल्लीसमोर झोडपलं होतं. आता त्याला वाटलं, तसंच काहीतरी व्हावं.

"म्हणजे तिला कुणी अडवलंच नाही," नाना म्हणाले.

"नाही."

"मी समजत होतो, ती चोरून जाते. दुसऱ्याच्या कार्डावर." नाना उठले आणि परत बसले. "मी तिला त्या काचेच्या दारातून बाहेर येताना पाहिलं. समोरच्या बसथांब्यावरून. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही. सात महिने. ती जाईपर्यंत."

हे थोरलीला ठाऊक नव्हतं. धाकट्यालाही नव्हतं. दोघं जेव्हा जेव्हा घरी यायची तेव्हा आई बोलत असायची आणि नाना पेपर वाचत असायचे. ते तर आधीपासून तसंच होतं.

"आई काहीच म्हणाली नाही तुम्हाला?" थोरलीने विचारलं.

"म्हणाली. माझं चुकलं म्हणाली. एकदाच."

---

टिटवी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाठोपाठ थोरली आली.

"तू का रडतेस? इकडे बघ. चौदाव्याला आता ‘नाही’ म्हणायचं. यादीत नाव नाही, म्हणजे नाहीच. ते खोटं नाही. मामाशी मी बोलून घेईन नंतर. त्याला मी सोडणार नाही. पण आज नाही. आज तू, मी आणि मामा एका बाजूला, समजलं?"

दहा मिनिटांपूर्वी याच मामाला ती हॉटेलातला वाढपी करायला निघाली होती. एरवी टिटवीला हसू आलं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी आजीबरोबर गेले होते. मला आत सोडत नव्हते, वय कमी म्हणून. समोरच्या बाकावर बसले. आजी म्हणाली, बघ हं, आज मला अडवतील, मग आपण आइस्क्रीम खाऊ. अर्ज देऊन आठवडा झाला होता. तिला बघायचं होतं, खरंच अडवतात का ते."

नळ वाहत होता. थोरलीने तो बंद केला.

"दारावरचा माणूस उठून उभा राहिला गं. या काकू म्हणाला. दार उघडून धरलं तिच्यासाठी. तिने त्याला विचारलं, माझं नाव नाही का तुमच्या यादीत? तो हसला. म्हणाला, साहेबांच्या आईचं नाव कशाला असेल? आजी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मला वाटलं परत येईल. ती आत गेली."

"आणि तू सांगितलं नाहीस कुणाला?"

"आजीने शपथ घातली. मामाची नोकरी आहे म्हणाली. आणि आजोबा बोलायचे थांबले तेव्हा मी म्हटलं तिला, सांगू का मी? तर म्हणाली, ते चार दिवस रागावतील आणि गप्प होतील. मामाचं आयुष्य जायचं." टिटवीने ओढणीने तोंड पुसलं. "ते गप्पच होते. तेच तर चाललं होतं."

थोरलीने तिला जवळ घेतलं नाही. तिला ते पटकन जमत नसे. तिने ओट्यावरचे कप एका रांगेत लावले, मग परत लावले.

"पोलिसात जायचं तेव्हाच ठरवलंस?"

"नाही. पण त्या दारावरच्या माणसाचा चेहरा मी विसरले नाही."

बेल वाजली. पावणेचारच झाले होते. थोरली वळली तर स्वयंपाकघराच्या दारात नाना उभे होते; त्यांनी सगळं ऐकलं होतं.

---

बाई साध्या कपड्यांत आल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात फुगलेली फाइल. आल्या आल्या म्हणाल्या, "लवकर आले. तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर उशिराच आले असते."

"लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घराला लिफ्ट नाही," जावई म्हणाला. त्या हसल्या. थोरलीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिस्किटांची बशी घेऊन आला.

नाना खुर्चीत बसले होते. बाई विचारत होत्या आणि ते उत्तर देत होते, पण स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

ते सात महिने त्यांच्या डोक्यात फिरत होते. सकाळी ती चहाचा कप टेबलावर ठेवायची आणि एक पाऊल मागे उभी राहायची. ते मान वर करत नसत. एकदा ती म्हणाली, साखर कमी आहे का? त्यांनी उठून स्वतः साखर घेतली. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, डावा हात जड वाटतो. ते त्यांनी ऐकलं. ऐकून पेपरचं पान उलटलं. त्या वेळी त्यांना वाटत होतं, चूक तिची आहे, चार महिने आणखी जाऊ देत, मग बोलू.

"तेरावा. घरात कॅसिनोत नोकरीला कुणी?"

"मी," धाकटा म्हणाला. "सुपरवायझर. नदीकाठचा."

बाईंनी लिहून घेतलं, पगाराची पावती बघितली, परत दिली. "चौदावा. प्रवेशबंदी यादीत घरातलं कुणाचं नाव?"

"नाही," धाकटा म्हणाला.

"नाही," थोरली म्हणाली.

बाईंनी ‘नाही’ लिहिलं. पुढचे आठ प्रश्न पाच मिनिटांत संपले. त्यांनी कागद फिरवून नानांसमोर ठेवला. "वरची सर्व माहिती खरी आणि पूर्ण आहे. इथं सही."

नानांनी पेन घेतलं.

लिफ्टचं दार मिटताना मध्ये माणूस आला तर ते थांबून मागे गेलं पाहिजे. दुसरे मेकॅनिक दारात खोका सरकवून बघत आणि प्रमाणपत्रावर सही करत. नाना स्वतःचा हात घालत. डाव्या मनगटाच्या वर एक वाकडा व्रण होता, एकदा दार मागे गेलं नव्हतं त्याचा. सही केली म्हणजे आपण हात घालून बघितलंय, असं ते नव्या पोरांना सांगायचे. चौतीस वर्षांत न बघता सही केली नाही. तिच्या अर्जावर मात्र केली, घडी घालून पोराच्या हातात दिली आणि कामाला निघून गेले. हात घालून बघायचं राहिलं. ते तिने बघितलं, एकटीने.

"आजोबा," टिटवी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांची मुलगी. चारशे मुलांतून अकरा. पेन कागदाला टेकलंच होतं, तिच्यासाठी त्यांनी सही केली असती.

"नका करू सही."

"टिटवी!" थोरली म्हणाली.

"पूर्ण आहे असं लिहिलंय तिथं. ते पूर्ण नाही."

बाईंनी चष्मा काढला. "काय राहिलंय?"

नाना बोलले. फार बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे पाच-सहा वाक्यांतच झालं. माझ्या बायकोने अर्ज केला होता. सही माझी. अर्ज पोचला नाही. ती दारात जाऊन उभी राहिली आणि तिला आत घेतलं. यादीत नाव नाही, पण तिला ते हवं होतं. "तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, ते बरोबर आहे. पण तेवढंच राहिलं तर तिने काही केलंच नाही असं होईल. तिने केलं होतं. आमच्यापैकी कुणी केलं नाही ते."

"अर्ज का पोचला नाही?"

कुणीतरी खोटं बोलू शकलं असतं. हरवला, पोस्टात गेला, काहीही. थोरलीने तोंड उघडलंसुद्धा. तिने भावाला मोकळं करायचं ठरवलं होतं, पहिल्यांदाच. पण धाकटा तोवर उठून कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीपाशी गेला होता.

"मी ठेवून घेतला," तो म्हणाला. "हा घ्या. फाडता आला नाही."

"हा अर्ज दाबणं गुन्हा आहे, माहितेय ना?" बाई म्हणाल्या. "आणि सोमवारी मतदान आहे. हे बाहेर आलं की तुमचा कॅसिनो पहिल्यांदा तुम्हालाच बाहेर काढेल."

"माहितेय."

"आणि हिचं?" थोरलीने विचारलं. "हिची शिष्यवृत्ती?"

बाईंनी टिटवीकडे पाहिलं. "ते समिती ठरवेल. घरातल्या माणसावर गुन्हा असेल तर फाइल थांबते. वर्षभर, कधीकधी कायमची. मी खोटी आशा दाखवणार नाही. ‘सही करू नका’ असं कुणी म्हटलं ते मी लिहीन, एवढंच माझ्या हातात आहे."

टिटवीने मान हलवली. थोरली येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिने मुलीचा हात घट्ट धरला. यावेळी तिला ते जमलं.

धाकट्याने अर्ज टेबलावर उलगडला. चार घड्यांचा कागद, कडा झिजलेल्या. उजव्या कोपऱ्यात टाचणीने फोटो लावला होता.

तो धाकट्याशिवाय कुणी नीट पाहिलाच नव्हता. ती स्टुडिओत जाऊन बसली होती. केस नीट विंचरलेले, निळी साडी, थोरलीने दिलेली, जी ती ठेवणीत आहे म्हणून कधी नेसायची नाही. खांद्यावर कुणाची बोटं नव्हती. ती सरळ समोर बघत होती. दारावरच्या माणसाला ओळख पटावी म्हणून काढलेला फोटो होता, आणि ती त्यात थोडी हसत होती.

"मूळ कागद मला न्यावा लागेल," बाई म्हणाल्या. "फोटोसकट."

"हो," नाना म्हणाले. "दोन मिनिटं मिळतील का?"

बाईंनी फाइल मिटली आणि चहाचा कप उचलला. जावई खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. धाकटा भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसला.

नानांनी कागद दोन्ही हातांत धरून उजेडात नेला. तिला नावाने हाक मारायची सवय त्यांना कधीच नव्हती. एकच शब्द होता, दिवसातून पन्नास वेळा तोंडात यायचा, आणि पंधरा महिने तो त्यांनी उच्चारला नव्हता.

"अगं," ते म्हणाले.

आणि ती काय म्हणेल याची वाट बघत उभे राहिले.